पाकिस्तानी विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्त्या : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. पाकिस्तानी मुलांसाठीची माहिती मराठीत कशाला?

कारण प्रश्न मराठीत येतात. मी शारजाहतल्या एका शाळेत दहावी-बारावीच्या मुलांना पुढच्या शिक्षणाबद्दल सल्ला देते. वर्गात निम्मी मुलं भारतीय, निम्मी पाकिस्तानी. दुबई, दोहा, मस्कत, लंडनमधली मराठी मंडळी विचारतात, "आमच्या ऑफिसातल्या खानसाहेबांची मुलगी हुशार आहे, तिला काय सांगू?" किंवा "शेजारच्या भाभींनी विचारलंय." मदत करायची मनापासून इच्छा असते, पण सल्ला आपण आपल्याकडचा देतो, आणि तो त्यांना लागू पडत नाही. हे मी स्वतः करून बसले आहे. पहिल्याच वर्षी एका मुलीला मी आपल्या पद्धतीप्रमाणे 'नोटरी करून घे आणि परराष्ट्र मंत्रालयात दे' असं ठोकून सांगितलं. कागद परत आले, महिना गेला. त्यानंतर पाकिस्तानची पद्धत वेगळी बसून शिकले.

२. गुगलवर 'फुल्ली फंडेड' टाकलं की शेकडो पानं येतात. सुरुवात कुठून करायची?

यादीतून करू नका. पैसा कोण देतंय आणि का देतंय, हे आधी विचारा. परदेशी सरकार पैसा देतं तेव्हा त्याला उद्या मायदेशी परतून मोठ्या जागेवर बसणारा मित्र हवा असतो (ब्रिटन, अमेरिका), किंवा आपली भाषा बोलणारा माणूस हवा असतो (तुर्किये, कोरिया, चीन). पाकिस्तान सरकार स्वतःचा पैसा घालतं तेव्हा त्याला देशात परतणारा प्राध्यापक हवा असतो. विद्यापीठ पीएचडीला पैसे देतं कारण प्रयोगशाळेत काम करणारे हात हवे असतात. इटलीतले प्रांत पैसे देतात कारण घरची गरिबी हा तिथे कायद्याने हक्काचा निकष आहे.

मुलाकडे यातलं काय आहे, हे कळलं की शेकडो पानांतली चार-पाचच उरतात. दांडगे गुण पण कामाचा अनुभव शून्य, अशा मुलाने ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर वर्ष घालवू नये (प्रश्न ६). गुण बेताचे पण घरचं उत्पन्न खरोखर कमी, अशा मुलीने इटली सोडू नये (प्रश्न ९).

३. एचईसी म्हणजे आपल्या यूजीसीसारखं का?

बरंचसं. हायर एज्युकेशन कमिशन २००२ मध्ये त्यांच्या जुन्या यूजीसीच्या जागी आलं, मुख्य कार्यालय इस्लामाबादला. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते आपल्या यूजीसीपेक्षा फार जवळचं आहे, कारण तीन कामं त्याच दारात होतात. पदवीवर साक्षांकनाचा शिक्का मारणं हे एक. काही परदेशी शिष्यवृत्त्यांसाठी उमेदवारांची शिफारस करणं हे दुसरं. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, हंगेरीची स्टिपेंडियम हंगेरिकम आणि चीन सरकारच्या शिष्यवृत्तीचा एक मार्ग तिथूनच जातो. तिसरं, स्वतःच्या पैशाने मुलांना बाहेर पीएचडीला पाठवणं. या शेवटच्यात बाँड असतो, त्याबद्दल प्रश्न १४ मध्ये.

दहावी-बारावीच्या, म्हणजे तिथल्या मॅट्रिक आणि इंटरच्या कागदांशी मात्र एचईसीचा संबंध नाही. ते काम आयबीसीसी या वेगळ्या संस्थेचं. ओ लेव्हल, ए लेव्हल केलेल्या मुलांना समकक्षतेचं प्रमाणपत्रही तीच देते.

४. कागदपत्रं कोणती, आणि कोणत्या क्रमाने?

सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मॅट्रिक आणि इंटरची मूळ सनद व गुणपत्रिका आधी स्वतःच्या बोर्डाकडून तपासून घ्यायची, मग आयबीसीसीकडे न्यायची. पदवी आणि ट्रान्सक्रिप्ट आधी विद्यापीठाकडून पडताळून घ्यायची, मग एचईसीच्या पोर्टलवर अर्ज करून वेळ घ्यायची आणि शिक्का मिळवायचा. हे दोन्ही झालं की परराष्ट्र मंत्रालय, ज्याला तिथे सगळे 'मोफा' म्हणतात. पाकिस्तान ९ मार्च २०२३ पासून अपोस्टिल करारात आहे (एकाच शिक्क्यावर कागद दुसऱ्या सदस्य देशांत चालतो), त्यामुळे बऱ्याच देशांसाठी आता अपोस्टिल पुरतं. पण काही युरोपीय देशांनी पाकिस्तानच्या प्रवेशावर हरकत घेतलेली आहे आणि त्यांच्यासाठी जुनीच वकिलातीची वाट आहे. म्हणून ज्या देशात जायचं त्याच्या वकिलातीच्या पानावर काय लिहिलंय ते वाचूनच मोफाकडे जा. क्रम उलटा केला तर खिडकीवरून परत पाठवतात.

घरच्या कागदांत राष्ट्रीय ओळखपत्र, नाद्रा या राष्ट्रीय नोंदणी संस्थेचं कुटुंब नोंदणी प्रमाणपत्र (तिथे सगळे 'एफआरसी' म्हणतात) आणि डोमिसाइल लागतं. डोमिसाइल आपल्याकडच्यासारखंच, पण ते प्रांताशिवाय जिल्ह्याशीही बांधलेलं असतं, आणि सरकारी कोट्याच्या जागा त्यावर ठरतात. व्हिसाच्या वेळी पोलिसांचा चारित्र्य दाखला. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त जायचं तर क्षयरोगाची तपासणी, ती भारतीयांनाही असते. पोलिओच्या लसीचं प्रमाणपत्र मात्र आपल्या लोकांच्या डोक्यातच येत नाही. पाकिस्तानात पोलिओ अजून आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या शिफारशीपासून तिथून बाहेर पडणाऱ्या रहिवाशांना हा दाखला लागतो. एका मुलाची फाइल मी पाहिली होती. प्लास्टिकचे कप्पे, प्रत्येकावर आईच्या हस्ताक्षरात उर्दूत नाव. सगळं होतं, फक्त तो एक पिवळा दाखला नव्हता.

शिष्यवृत्तीची जाहिरात येण्याची वाट न बघता हे कागद आधीच करून ठेवावेत. जाहिरात दोन महिन्यांची असते आणि शिक्क्यांना कधी कधी तेवढेच दिवस लागतात.

५. बारावीनंतर लगेच पूर्ण शिष्यवृत्ती मिळते का, की फक्त मास्टर्सला?

मिळते, पण दारं कमी. तुर्कियेची तुर्किये बुर्सलारी पदवीला २१ वर्षांखालच्यांना मिळते. साधारण विषयांना किमान ७० टक्के, वैद्यकीयला ९० टक्के. फी, वसतिगृह, दरमहा खर्च, एकदा जाण्या-येण्याचं तिकीट आणि एक वर्ष तुर्की भाषेचं शिक्षण त्यात येतं. कोरियाची जीकेएस, जपानची मेक्स्ट आणि चीन सरकारची शिष्यवृत्तीही पदवीला आहे. तिन्हीत पहिलं वर्ष बहुतेक भाषेतच जातं. चीनची पदवीपातळीची शिष्यवृत्ती तर मुख्यतः चिनी माध्यमाच्या अभ्यासक्रमांनाच आहे. हंगेरीबद्दल प्रश्न ८ पाहा.

अमेरिकेत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी विद्यापीठं परदेशी मुलाची आर्थिक स्थिती प्रवेश ठरवताना बघत नाहीत, आणि प्रवेश दिला तर घरच्यांना न झेपणारा सगळा खर्च उचलतात. तिथे प्रवेश मिळणंच महाकठीण. तरीही ए लेव्हलच्या मुलांनी एक अर्ज जरूर करावा, फी माफ करून मागता येते.

दहावीनंतरची एक वाट फार कमी लोकांना माहीत असते, ती म्हणजे युनायटेड वर्ल्ड कॉलेज. आपल्या मुळशीला १९९७ पासून त्यांचं एक कॉलेज आहे, म्हणजे मराठी वाचकांना नाव ओळखीचं असेल. पाकिस्तानात त्यांची राष्ट्रीय समिती मुलं निवडते आणि जगभरातल्या कॉलेजांत पाठवते. तिथून बाहेर पडलेल्यांना अमेरिकेतल्या पदवीसाठी डेव्हिस निधीचा आधार मिळू शकतो. सोळाव्या वर्षी घर सोडायची तयारी हवी, आई-वडिलांचीसुद्धा.

६. मास्टर्ससाठी तुम्ही स्वतः कोणत्या नावांनी सुरुवात कराल?

फुलब्राइट, चेव्हनिंग, इरॅस्मस मुंडुस, राष्ट्रकुल, आणि जर्मनीचं डाड (प्रश्न १०).

फुलब्राइट अमेरिकेची, आणि पाकिस्तानात ती १९५० मध्ये स्थापन झालेली यूएसईएफपी ही संस्था चालवते. मास्टर्स आणि पीएचडी, दोन्हीला. जीआरई द्यावी लागते. रुग्णांवर उपचार करण्याचं वैद्यकीय शिक्षण सोडून बाकी सगळे विषय चालतात. विद्यापीठांकडे अर्ज तीच मंडळी करतात, मुलाला दहा ठिकाणी फी भरावी लागत नाही. पदवीच्या मुलांना एका सत्रासाठी अमेरिकेत नेणारा ग्लोबल यूग्रॅड हा कार्यक्रम मात्र २०२५ मध्ये बंद झाला. अजून त्याच्या जाहिराती फिरताना दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

चेव्हनिंग ब्रिटनची, १९८३ पासूनची, एका वर्षाच्या मास्टर्ससाठी. दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव हवाच. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीला अनुभवाची अट इतकी कडक नाही, पण ती एचईसीमार्फत. (पाकिस्तान १९७२ मध्ये राष्ट्रकुलातून बाहेर पडला होता आणि १९८९ मध्ये परत आला. त्या मधल्या पिढीला हे दार बंदच होतं.)

माझी आवडती मात्र इरॅस्मस मुंडुस. दोन-तीन युरोपीय देशांत मिळून एक मास्टर्स, दरमहा १,४०० युरो, फी माफ, आणि अर्ज थेट त्या अभ्यासक्रमाकडे. ना सरकारी शिफारस, ना डोमिसाइल, ना अर्जाची फी. पाकिस्तानी मुलांनी अलीकडे या शिष्यवृत्तीत जगात पहिल्या रांगेत नाव काढलंय.

आगा खान फाउंडेशनचीही शिष्यवृत्ती आहे, पण ती निम्मी अनुदान आणि निम्मी कर्ज. कर्जाचा भाग फेडायचा असतो हे घरात आधी बोलून घ्या.

७. माझ्या मित्राच्या बायकोने दोन वर्षांचं बीए केलंय. तिला मास्टर्सला अर्ज करता येईल का?

एकट्या त्या बीएवर नाही. पाकिस्तानात जुनी पद्धत अशी होती : बारा वर्षं शाळा-कॉलेज, मग दोन वर्षांचं बीए किंवा बीएस्सी, म्हणजे चौदा. त्यावर दोन वर्षांचं एमए केलं की सोळा. बाहेरची विद्यापीठं आणि शिष्यवृत्त्या सोळा वर्षं मोजतात. त्यामुळे जुन्या पद्धतीचं 'एमए' झालेला माणूस बाहेर बऱ्याचदा पदवीधर म्हणूनच धरला जातो, आणि एमए असूनही पुन्हा मास्टर्सला पात्र ठरतो. लोकांना हे अपमानास्पद वाटतं. खरं तर सोय आहे.

आता बीएस चार वर्षांचं असतं, दोन वर्षांच्या जुन्या पदव्या एचईसीने बंद केल्या आणि त्या जागी असोसिएट डिग्री आणली. नव्या मुलांना हा प्रश्न येत नाही. मित्राच्या बायकोने एमए पूर्ण केलं असेल तर दोन्ही पदव्या एकत्र जोडून दाखवाव्या. नसेल, तर आधी सोळा वर्षं पुरी करावी लागतील. आपल्याकडे तीन वर्षांचं बीए असल्याने आपण 'पदवी आहे ना, मग झालं' म्हणतो. तिथे नुसत्या 'पदवी' या शब्दावर काही ठरत नाही.

८. हंगेरीची शिष्यवृत्ती 'फुल' आहे म्हणतात. पैसे पुरतात का?

पुरत नाहीत. स्टिपेंडियम हंगेरिकम २०१३ पासून आहे, फी पूर्ण माफ, जागा भरपूर, स्पर्धा फुलब्राइटपेक्षा सौम्य. पण पदवी आणि मास्टर्सच्या मुलांना दरमहा ४३,७०० फोरिंट मिळतात, म्हणजे शंभर युरोंच्या थोडं वर. वसतिगृह मिळालं तर फुकट, नाही मिळालं तर घरभाड्यासाठी ४०,००० फोरिंट. बुडापेस्टमध्ये त्यात खोली मिळत नाही. पीएचडीला रक्कम बरीच जास्त आहे.

म्हणून मी सांगते, घरून महिन्याला थोडे पैसे येणार असतील किंवा मुलाची अर्धवेळ कामाची तयारी असेल तरच जा. आणि अर्ज दोन ठिकाणी करायचा असतो : एक हंगेरीच्या प्रणालीत, एक एचईसीच्या पोर्टलवर. एकच केला तर तो बाद. दरवर्षी निदान एक तरी मूल यात घसरतं.

९. इटलीत गुण न बघता पैसे मिळतात, हे खरं का?

जवळजवळ खरं, आणि म्हणूनच नीट समजून घ्या. इटलीत प्रत्येक प्रांताची विद्यार्थी-कल्याण शिष्यवृत्ती असते. आधी विद्यापीठात प्रवेश मिळवायचा, मग घरच्या उत्पन्नावर अर्ज करायचा. 'इझे' नावाचा एक आकडा काढतात, कुटुंबाचं उत्पन्न, मालमत्ता आणि माणसं धरून. तो साधारण २७ हजार युरोंच्या खाली असला की पात्र. पाकिस्तानी पगारात हा आकडा बहुतेक घरांचा खालीच येतो. फी माफ, शिवाय घरापासून दूर राहणाऱ्याला वर्षाला सात हजार युरोंच्या आसपास, त्यातला काही भाग खोली आणि जेवणाच्या रूपात.

खाचा तीन आहेत. पहिली म्हणजे कागद : प्रश्न ४ मधलं एफआरसी, वडिलांचं उत्पन्न, घर-जमीन, बँकेतली शिल्लक, सगळं इटालियनमध्ये भाषांतर करून वैध करून घ्यायचं. वडील शेती करतात किंवा दुकान चालवतात आणि कर-विवरणपत्र नाही, अशा घरांना यातच घाम फुटतो. दुसरी म्हणजे पैसा उशिरा येतो. मूल सप्टेंबरमध्ये पोचतं, पहिला हप्ता हिवाळ्यात. मधले तीन-चार महिने स्वतःच्या खिशातून काढायचे. तिसरी खाच सगळ्यात वाईट. पहिल्या वर्षाच्या १० ऑगस्टपर्यंत ठरावीक क्रेडिट, बऱ्याच ठिकाणी २०, मिळाले नाहीत तर दुसरा हप्ता अडतो, आणि त्यानंतरही भरून निघाले नाहीत तर घेतलेले पैसे परत मागतात. पिझ्झाच्या दुकानात रात्रपाळी करून परीक्षा बुडवणाऱ्या मुलांना हे कुणी आधी सांगत नाही.

१०. जर्मनीत फीच नाही, मग शिष्यवृत्ती कशाला?

राहण्यासाठी. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग हा प्रांत २०१७ पासून युरोपबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतो), पण व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच बंद खात्यात दाखवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. पाकिस्तानी रुपयात हे पस्तीस-चाळीस लाखांच्या आसपास जातं, आणि मध्यमवर्गीय घराचा धीर तिथेच सुटतो. पूर्ण शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर खातं लागत नाही.

डाडच्या विकासविषयक अभ्यासक्रमांना दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, म्हणून प्रवेशाच्या पत्राची वाट न बघता रांगेत नाव घालायला सांगा. भारतीय मुलांना २०२२ पासून लागणारं एपीएस प्रमाणपत्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पाकिस्तानी मुलाला ते सांगून घाबरवू नका, त्याला वकिलातीने काय मागितलंय तेच बघायला सांगा.

११. आयईएल्ट्स न देता जमतं का?

कधी कधी. तुर्किये आणि चीनमध्ये बऱ्याच अभ्यासक्रमांना 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' असं विद्यापीठाचं पत्र चालतं. इरॅस्मसचे बहुतेक अभ्यासक्रम परीक्षा मागतातच. पैशाची अडचण असेल तर आधी यादी पक्की करा, मग एकदाच परीक्षा द्या. निकाल दोन वर्षं चालतो.

१२. एका एजंटाने ५० टक्के शिष्यवृत्ती 'मिळवून' दिली आहे. घ्यावी का?

ही शिष्यवृत्ती नव्हे, सवलत आहे. फी आधी फुगवायची आणि मग निम्मी कापायची, जसा साडीच्या दुकानातला सेल. उरलेली निम्मी फी आणि राहण्याचा खर्च परकीय चलनात द्यायचा असतो, आणि पाकिस्तानी रुपयाचं काय झालं ते पाहा : २०१७ च्या सुमारास डॉलरला १०५ रुपये पडत, २०२३ नंतर २८० च्या आसपास. निम्म्या सवलतीवर मुलगा गेला आणि मध्येच रुपया घसरला, तर दुसऱ्या वर्षाची फी कोण भरणार?

वर लिहिलेल्या एकाही सरकारी शिष्यवृत्तीला एजंट लागत नाही. 'आमची आत ओळख आहे' म्हणून पैसे मागणाऱ्याला दार दाखवा. एका वडिलांनी गाडी विकून असे पैसे भरले होते. हातात आलं ते एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र, जे मुलाने घरबसल्या स्वतः मिळवलं असतं. फॉर्म भरून देण्याचे, भाषांतराचे पैसे घेणं वेगळं. ते काम आहे, त्याची पावती मागा.

१३. मुलगा दुबईतच जन्मला, इथेच शिकला, पासपोर्ट पाकिस्तानी. त्याने अर्ज कुठून करायचा?

बहुतेक शिष्यवृत्त्या पत्ता बघत नाहीत, पासपोर्ट बघतात. म्हणजे तो पाकिस्तानी उमेदवार म्हणूनच मोजला जाईल, आणि चेव्हनिंग घेतली तर नंतरची दोन वर्षं पाकिस्तानात जाऊन राहायची अट त्यालाही आहे, मग तो देश त्याने सुट्टीपुरताच पाहिलेला असो. हे ऐकून मुलं हबकतात.

इरॅस्मस, विद्यापीठांची स्वतःची मदत आणि अबुधाबीतल्या न्यूयॉर्क विद्यापीठासारख्या जागा या मुलांना जास्त सोयीच्या. एचईसीमार्फतच्या शिष्यवृत्त्यांना डोमिसाइल, आयबीसीसी समकक्षता वगैरे लागतं, आणि ते त्याच्याकडे सहसा नसतं. दुहेरी नागरिकत्व असेल तर आणखी जपून : ब्रिटिश पासपोर्टही असेल तर चेव्हनिंग नाही, अमेरिकी असेल तर फुलब्राइट नाही.

१४. परत जाण्याची अट मोडली तर काय होतं?

कोणाची अट, त्यावर आहे. फुलब्राइटवाल्यांचा व्हिसाच असा असतो की दोन वर्षं मायदेशी काढल्याशिवाय अमेरिकेत कामाचा किंवा कायम वास्तव्याचा व्हिसा मिळत नाही. एचईसीच्या पैशाने पीएचडीला गेलेल्यांचा बाँड पाच वर्षांच्या सेवेचा असतो, आणि त्यावर जामीनदाराची सही असते. मूल परत आलं नाही तर वसुलीची नोटीस त्या जामीनदाराच्या, बहुतेक मामा-काकांच्या, घरी जाते.

माझं मत विचाराल तर, परत यायचं नाही हे मनात पक्कं असेल तर अशी शिष्यवृत्ती घेऊच नये. इरॅस्मस, इटली, विद्यापीठाचा निधी यांना परतीची अट नाही. दुसऱ्याची जागा का अडवायची?

१५. मॅट्रिकच्या सनदेवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. चालेल का?

नाही. हा प्रकार फार आहे. एका कागदावर 'मुहम्मद', दुसऱ्यावर 'मोहम्मद', तिसऱ्यावर नुसतं 'एम.'. शिवाय पाकिस्तानात आडनाव असतंच असं नाही. मुलगी 'आयेशा बीबी', वडील 'गुलाम रसूल', दोघांत एकही शब्द सारखा नाही. आपल्याकडे मुलीच्या नावामागे वडिलांचं नाव आपोआप येतं, म्हणून आपल्याला हे विचित्र वाटतं. परदेशी अर्जात 'आडनाव' हा रकाना सक्तीचा असतो. तिथे पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहायचं, मनाने आडनाव तयार करायचं नाही.

स्पेलिंगमधला फरक बोर्डाकडून दुरुस्त करून घेणं उत्तम, पण त्याला वेळ लागतो. तोवर प्रतिज्ञापत्र जोडा. जन्मतारखेतला फरक प्रतिज्ञापत्राने भागत नाही, तो मुळातूनच दुरुस्त करा.

१६. एमबीबीएससाठी?

अवघड. पदवीला वैद्यकीय शिक्षण पूर्ण खर्चाने देणारे फार थोडे. तुर्कियेचा उल्लेख प्रश्न ५ मध्ये आहे. बाहेरून शिकून परतणाऱ्याला पाकिस्तानच्या वैद्यकीय परिषदेची राष्ट्रीय नोंदणी परीक्षा द्यावी लागते. डॉक्टर झालेल्यांनी सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्सकडे पाहावं, तिथे चेव्हनिंग आणि राष्ट्रकुल दोन्ही चालतात.

१७. पाकिस्तानी मुलांना भारतात शिकायला येता येईल का? आणि उलट?

भाबडेपणाने विचारलेला प्रश्न, पण सरळ उत्तर देते. दिल्लीत सार्क देशांचं साउथ एशियन युनिव्हर्सिटी २०१० मध्ये सुरू झालं आणि तिथे पाकिस्तानी मुलं शिकली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांची व्हिसा सेवा थांबवली, त्यामुळे ती वाट बंद झाली. उलट बाजूने, यूजीसी आणि एआयसीटीईने एप्रिल २०२२ मध्येच भारतीय विद्यार्थ्यांना पाकिस्तानात उच्च शिक्षणाला न जाण्याचं बजावलं, तिथल्या पदवीवर भारतात नोकरी किंवा पुढचं शिक्षण मिळणार नाही असं सांगून. दोन्हीकडची मुलं आता एका वर्गात बसतात ती आखातात, लंडनमध्ये नाहीतर जर्मनीत.

१८. कराचीतल्या मराठी कुटुंबांच्या मुलांना वेगळं काही आहे का?

हा प्रश्न दोनदाच आला, पण मला आवडला. फाळणीनंतरही काही मराठी बोलणारी हिंदू कुटुंबं कराचीत राहिली. त्या शहराचा आणि आपला संबंध जुना आहे, तिथल्या एका नामांकित सरकारी शाळेला अजून नारायण जगन्नाथ वैद्य यांचंच नाव आहे. शाळा १८५५ सालची.

शिष्यवृत्तीत मात्र वेगळं काही नाही. वरच्या कोणत्याही परदेशी शिष्यवृत्तीला धर्म किंवा मातृभाषा आड येत नाही. ती मुलं सिंधच्या डोमिसाइलवर, इतरांसारखीच पात्र. भारतातल्या टाटा किंवा इनलॅक्ससारख्या नावांकडे नातेवाईक बोट दाखवतात, पण त्यांना भारतीय नागरिकत्व लागतं.

१९. वर्षाचं वेळापत्रक थोडक्यात?

ऑगस्ट ते ऑक्टोबर चेव्हनिंग. ऑक्टोबर ते जानेवारी इरॅस्मस. मध्य जानेवारीला हंगेरी संपते, १० जानेवारी ते २० फेब्रुवारी तुर्किये. हिवाळ्यात चीन, वसंतात फुलब्राइट आणि जपान. कोरियाचं मास्टर्सचं फेब्रुवारी-मार्चमध्ये, पदवीचं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तारखा एक-दोन आठवड्यांनी सरकतात. रमझान आणि ईदच्या सुट्ट्यांत कार्यालयांच्या वेळा बदलतात, त्या आधी शिक्के उरका.

२०. निवड झाली, पण या वर्षी जमत नाही. पुढच्या वर्षी जाता येतं का?

चेव्हनिंगमध्ये नाही, पुन्हा अर्ज करावा लागतो. बाकीच्या सरकारी शिष्यवृत्त्यांतही तसंच धरून चला. विद्यापीठ प्रवेश पुढे ढकलून देतं, त्यामुळे गैरसमज होतो. पैसा देणारा वेगळा असतो.

२१. ताई, तुम्ही उद्देशपत्र लिहून द्याल का?

नाही. वाचून देते. मुलीने स्वतः लिहिलेलं, मोडक्या इंग्रजीतलं पाठवा, ओळीखाली रेघा मारून परत करीन. मागच्या वर्षी एकीने लिहिलं होतं, "आमच्या गावात पाणी दर तिसऱ्या दिवशी येतं, म्हणून मला जलव्यवस्थापन शिकायचंय." पुढची दोन पानं कुठून तरी उचललेली होती. ती काढून टाकायला सांगितली, पहिली ओळ ठेवली.